आधारयुक्त निवास : माजी सैनिक, मानसिक आजार आणि घराची अट

६.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस –

• ‘आधारयुक्त निवास’ या संज्ञेचा अर्थ सांगता येईल आणि रात्रनिवारा, रुग्णालय व आश्रम यांहून तो कसा वेगळा आहे हे स्पष्ट करता येईल.
• अमेरिकेतील माजी सैनिकांसाठीच्या निवासयोजनेचे कार्य कसे चालते याचे वर्णन करता येईल.
• ‘आधी उपचार, मग घर’ आणि ‘आधी घर, सोबत उपचार’ या दोन भूमिकांची तुलना करता येईल.
• संज्ञा आणि व्याख्या यांचा माणसाच्या हक्कांवर कसा परिणाम होतो हे उदाहरणांसह दाखवता येईल.

६.२ प्रास्ताविक

मराठीत ‘घर’ हा शब्द केवळ चार भिंतींपुरता नाही. घर बसते, घर मोडते, घराला घरपण असते. इतकेच काय, भीतीसुद्धा मनात ‘घर करते’. युद्धातील अनुभव ज्याच्या मनात असा घर करून बसला आहे, त्या माणसाला पुष्कळदा स्वतःचे घर टिकवता येत नाही. या दोन घरांचा परस्परसंबंध काय, हा या घटकाचा विषय आहे.

अभ्यासासाठी आपण अमेरिकेचे उदाहरण घेतले आहे. तेथे दरवर्षी जानेवारीत एका रात्री बेघर व्यक्तींची गणना होते. एका रात्रीची मोजणी असल्यामुळे तिला अंदाजाचे स्वरूप असते, तरी वर्षावर्षांतील फरक तिच्यातून दिसतो. २०१० मध्ये ७४,०८७ माजी सैनिक बेघर असल्याची नोंद झाली. २०२४ मध्ये ही संख्या ३२,८८२ होती, म्हणजे निम्म्याहून अधिक घट झाली. त्याच २०२४ मध्ये देशातील एकूण बेघरांची संख्या मात्र ७,७१,४८० पर्यंत वाढली होती आणि गणना सुरू झाल्यापासूनचा तो उच्चांक होता. सगळीकडे बेघरपणा वाढत असता एका गटात तो घटला, याला काही कारण असले पाहिजे. त्या कारणाचा मोठा भाग आधारयुक्त निवासाच्या योजनेत सापडतो.

६.३ संज्ञेचा अर्थ

आधारयुक्त निवासाची तीन लक्षणे सांगता येतील.

(अ) घर कायमचे असते. भाडेकरार राहणाऱ्याच्या स्वतःच्या नावाने होतो, किल्ली त्याच्या हाती असते आणि भाडेकरूला असणारे सर्व कायदेशीर हक्क त्याला असतात.
(आ) भाडे त्याच्या ऐपतीत असते. उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के रक्कम तो भरतो, उरलेली शासकीय निधीतून दिली जाते.
(इ) समाजकार्यकर्ता, परिचारिका, मानसोपचारतज्ज्ञ, व्यसनमुक्ती समुपदेशक यांच्या सेवा त्याला उपलब्ध असतात. मात्र त्या स्वीकारण्यावर घर अवलंबून नसते.

पैकी तिसरे लक्षण सर्वांत महत्त्वाचे आहे. रात्रनिवाऱ्यात खाट मिळते, पण सकाळी ती सोडावी लागते. रुग्णालयात उपचार मिळतात, पण तेथे माणूस ‘रुग्ण’ म्हणून राहतो आणि बरा होताच त्याला निघावे लागते. आश्रमात राहता येते, पण संस्थेचे नियम पाळून. आधारयुक्त निवासात माणूस ‘भाडेकरू’ असतो. त्याचे रुग्ण असणे ही स्वतंत्र बाब ठरते.

येथे शब्दांची निवड लक्षात घ्यावी. मराठीत ‘आश्रय’ आणि ‘आधार’ हे जवळचे शब्द असले तरी समानार्थी नाहीत. आश्रय देणारा वरच्या पायरीवर उभा असतो आणि दिलेला आश्रय तो काढूनही घेऊ शकतो. ‘आश्रित’ या शब्दाला चिकटलेली लाचारीची छटा तेथूनच येते. वेलीला मांडवाचा आधार असतो असे आपण म्हणतो, तेव्हा वाढणे वेलीचेच असते. म्हणून प्रस्तुत घटकात ‘आधारयुक्त निवास’ ही संज्ञा योजली आहे.

‘माजी सैनिक’ या शब्दाविषयीही एक खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडे हा शब्द उच्चारताच निवृत्तिवेतन घेणारी, पंधरा-वीस वर्षे सेवा केलेली व्यक्ती डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत मात्र दोन-तीन वर्षे सेवा करून विशी-पंचविशीत बाहेर पडलेला तरुणही या संज्ञेत मोडतो. त्याला बहुधा निवृत्तिवेतन नसते आणि हाती नागरी जीवनातले कौशल्यही असेलच असे नाही.

६.४ जखमेची बदलती नावे

युद्धाने मनाला होणाऱ्या इजेला प्रत्येक काळाने वेगळे नाव दिले. अमेरिकन यादवी युद्धानंतर जेकब डा कोस्टा या वैद्याने १८७१ मध्ये अशा सैनिकांच्या धडधडीचे व धाप लागण्याचे वर्णन ‘क्षुब्ध हृदय’ या अर्थाच्या संज्ञेने केले. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, चार्ल्स मायर्स यांच्या लेखातून ‘शेल शॉक’, म्हणजे तोफगोळ्याचा धक्का, ही संज्ञा वैद्यकीय लेखनात आली. दुसऱ्या महायुद्धात ‘युद्धश्रांती’ या अर्थाचे शब्द रूढ झाले. अखेर १९८० मध्ये, व्हिएतनाम युद्धाच्या अनुभवानंतर, अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत ‘आघातोत्तर तणाव विकार’ ही संज्ञा समाविष्ट झाली.

ही नावे क्रमाने वाचली असता एक गोष्ट ध्यानात येते. पहिले नाव दोष हृदयात पाहते, दुसरे तोफगोळ्यात, तिसरे थकव्यात. थकवा विश्रांतीने जातो, म्हणून थकलेल्या सैनिकाला काही दिवसांची विश्रांती देऊन पुन्हा आघाडीवर पाठवणे तर्कसंगत वाटत असे. चौथे नाव आघाताच्या घटनेकडे बोट दाखवते आणि ‘उत्तर’ या पदातून परिणाम घटनेनंतरही चालू राहतो हे मान्य करते. परिणाम दीर्घकाळ टिकणारा असेल, तर समाजाची जबाबदारीही तितकीच दीर्घ ठरते.

अर्थात बेघर माजी सैनिकांपैकी प्रत्येकाला हाच विकार असतो असे नाही. नैराश्य, द्विध्रुवी विकार, छिन्नमनस्कता, मेंदूला झालेली इजा आणि व्यसन हेही आढळतात. उलट, मानसिक आजार असलेले बहुसंख्य माजी सैनिक बेघर नसतात. आजार आणि बेघरपणा यांच्यामध्ये अनेक दुवे असतात : झोप उडते, कामावर चुका होतात, नोकरी जाते, घरात खटके उडतात, दारू वाढते, भाडे थकते. यांतील एखादा दुवा वेळीच तुटला तर माणूस सावरतो. नातेवाइकांचे पाठबळ किंवा स्वस्त भाड्याचे घर हे त्या दृष्टीने औषधाइतकेच मोलाचे असते.

६.५ ‘असायलम’पासून ‘होम’पर्यंत

सैनिकांना घर देण्याची कल्पना अमेरिकेत जुनी आहे. ३ मार्च १८६५ रोजी, यादवी युद्धाच्या अखेरीस, अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी अपंग स्वयंसेवक सैनिकांसाठी राष्ट्रीय ‘असायलम’ स्थापण्याच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. १८७३ मध्ये ‘असायलम’ हा शब्द वगळून तेथे ‘होम’ हा शब्द घालण्यात आला. असायलम म्हणजे मुळात आसरा. परंतु वेड्यांच्या इस्पितळांना हेच नाव असल्यामुळे त्याला कलंक चिकटला होता. आपल्याकडे ‘ठाण्याला पाठवा’ किंवा ‘येरवड्याला पाठवा’ हे शब्द थट्टेत वापरले जातात, तेव्हा गावांच्या नावांचे जे होते तेच तेथे या शब्दाचे झाले होते.

या संस्थेची एक भव्य इमारत मिलवॉकी येथे १८६९ मध्ये उभी राहिली. कालांतराने ती ओस पडली. पुढे ती व परिसरातील जुन्या वास्तू दुरुस्त करून २०२१ मध्ये तेथे १०१ घरे तयार झाली. आज ती बेघर झालेल्या किंवा होण्याच्या बेतात असलेल्या माजी सैनिकांसाठी आधारयुक्त निवास म्हणून वापरली जातात.

लॉस एंजेलिसमधील हकिकत इतकी सरळ नाही. १८८८ मध्ये तेथे काही जमीनमालकांनी सैनिकांच्या निवासासाठी मोठी जमीन दान दिली. अनेक दशके हजारो सैनिक तेथे राहिले. नंतर निवास बंद पडला आणि जमिनीचे भाग एका विद्यापीठाचे बेसबॉल मैदान, एका खाजगी शाळेची क्रीडांगणे, वाहनतळ अशा कामांसाठी भाड्याने गेले. परिसराच्या कुंपणाबाहेर माजी सैनिक तंबू ठोकून राहत होते. २०११ मध्ये काही माजी सैनिकांनी दावा दाखल केला. २०१५ मध्ये तडजोड झाली आणि १,२०० घरांची योजना पुढे आली. बांधकाम रेंगाळल्याने २०२२ मध्ये दुसरा दावा झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायाधीश डेव्हिड कार्टर यांनी माजी सैनिकांच्या बाजूने निकाल दिला. ‘होम’ हा शब्द दानपत्राच्या काळापासून टिकून होता. घरे मात्र टिकली नव्हती.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

योग्य शब्द भरा.
१) ‘असायलम’ हा शब्द बदलून ‘होम’ हा शब्द ______ साली घालण्यात आला.
२) ‘आघातोत्तर तणाव विकार’ ही संज्ञा निदानपुस्तिकेत ______ साली समाविष्ट झाली.
३) आधारयुक्त निवासात राहणाऱ्याच्या नावाने ______ केलेला असतो.

६.६ सापशिडी आणि सरळ वाट

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेघर मनोरुग्णांसाठी जी पद्धत रूढ होती ती पायऱ्यांची होती. रस्त्यावरून रात्रनिवाऱ्यात, तेथून संक्रमण निवासात आणि सर्वांत शेवटी स्वतंत्र घरात. प्रत्येक पायरी चढण्यासाठी अट असे : दारू सोडा, औषधे नियमित घ्या, बैठकींना हजर राहा. या अटी ऐकायला रास्त वाटतात. मात्र ही पद्धत प्रत्यक्षात सापशिडीच्या पटासारखी होती. एखाद्या रात्री दारू प्यायली की माणूस वरच्या घरातून थेट रस्त्यावर येई आणि सगळा प्रवास पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागे.

आघातोत्तर तणाव विकार असलेल्या माणसाला पहिली पायरीच सर्वांत अवघड असते, याचे कारण आजाराच्या स्वरूपात आहे. अशा माणसाचे मन सतत पहाऱ्यावर असते. तो दरवाजाकडे पाठ करून बसत नाही, अचानक झालेल्या आवाजाने दचकतो, रात्री दुःस्वप्नांनी ओरडत उठतो. त्याला पन्नास अनोळखी माणसांच्या दालनात, न विझणाऱ्या दिव्यांखाली, सामान उशाशी घेऊन झोपायला सांगणे म्हणजे ज्या स्थितीतून त्याला बाहेर काढायचे तीच स्थिती पुन्हा निर्माण करणे होय. म्हणून अनेक जण निवाऱ्यापेक्षा पुलाखालची जागा पसंत करतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा हट्ट वाटतो, त्याच्या दृष्टीने ती सुरक्षिततेची निवड असते.

१९९२ मध्ये न्यूयॉर्क येथे सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञांनी हा क्रमच उलटा केला. त्यांच्या संस्थेने रस्त्यावरील मनोरुग्णांना आधी घर दिले आणि सेवा सोबत देऊ केल्या. ही पद्धत ‘हाउसिंग फर्स्ट’, म्हणजे ‘आधी घर’, या नावाने ओळखली जाते.

व्याकरणाच्या परिभाषेत हा फरक नेमका मांडता येतो. ‘तू सावरलास, तर घर मिळेल’ हे संकेतार्थी वाक्य आहे; त्यात सावरणे ही अट आहे आणि घर हे फळ. नव्या पद्धतीत ‘घर मिळाले, म्हणजे सावरता येईल’ असे वाक्य तयार होते. शब्द जवळजवळ तेच आहेत, पण कारण आणि कार्य यांची अदलाबदल झाली आहे. झोप, औषधांच्या वेळा, डॉक्टरांची भेट, नोकरीच्या अर्जावरचा पत्ता या सर्व गोष्टींना आधी एक स्थिर जागा लागते. ज्याच्यापाशी ती नाही त्याच्याकडून तिच्यावर अवलंबून असलेल्या गोष्टींची आधी अपेक्षा करणे हा तर्कदोष होता.

६.७ योजना प्रत्यक्षात कशी चालते

माजी सैनिकांसाठीची मुख्य योजना दोन केंद्रीय खाती मिळून चालवतात : गृहनिर्माण व नगरविकास खाते आणि माजी सैनिक व्यवहार खाते. १९९२ मध्ये ती लहान प्रमाणावर सुरू झाली. २००८ पासून तिचा मोठा विस्तार झाला. २००९ मध्ये माजी सैनिकांचा बेघरपणा पाच वर्षांत संपवण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले आणि २०१२ मध्ये या योजनेने ‘आधी घर’ हे तत्त्व स्वीकारले. आतापर्यंत लाखाहून अधिक भाडेव्हाउचर उपलब्ध करून देण्यात आली आहेत.

तिचा क्रम असा : माजी सैनिक व्यवहार खात्याचा कार्यकर्ता गरजू व्यक्तीला हेरून स्थानिक गृहनिर्माण संस्थेकडे तिची शिफारस करतो. संस्था तिला व्हाउचर देते. त्या आधारे ती व्यक्ती खुल्या बाजारात घर शोधते, किंवा या योजनेसाठीच राखलेल्या इमारतीत तिला घर मिळते. घराची तपासणी होते, करार होतो, आणि भाड्यातील फरक संस्था घरमालकाला परस्पर देते. त्यानंतर खात्याचा समाजकार्यकर्ता ठरावीक अंतराने भेटी देतो. बँक खाते उघडण्यापासून शेजाऱ्याशी झालेले भांडण मिटवण्यापर्यंत त्याची कामे अनेकविध असतात. माणूस घरात स्थिरावल्यावर या भेटी विरळ होत जातात.

अडचणीही आहेत. महागड्या शहरांत व्हाउचर हाती असूनही घर मिळत नाही. काही घरमालक असा भाडेकरू नाकारतात. पुरेसे समाजकार्यकर्ते नसल्यामुळे व्हाउचर पडून राहतात. ‘आधारयुक्त निवास’ या जोडशब्दातील पहिले पद गळून पडले की मागे नुसता निवास उरतो आणि तो फार काळ टिकत नाही.

६.८ कागदावरचे उंबरठे

भाषेच्या अभ्यासकाने विशेष लक्ष द्यावे असा भाग येथे येतो. अमेरिकन सैन्यातून बाहेर पडताना सैनिकाच्या कागदावर सेवासमाप्तीचा प्रकार लिहिला जातो : सन्मानपूर्वक, सर्वसाधारण, ‘सन्मानपूर्वक नसलेली’ इत्यादी. शेवटचा शेरा असलेल्यांना अनेक सवलती नाकारल्या जात. आता असे पाहा, की मनाला इजा झालेला सैनिक दारू पिऊ लागतो, कामावर गैरहजर राहतो, वरिष्ठांशी भांडतो. ही आजाराची लक्षणे असू शकतात. पण सेवापुस्तकात त्यांची नोंद बेशिस्त म्हणून होते. अशा रीतीने ज्या लक्षणांसाठी मदत हवी, तीच लक्षणे मदत नाकारण्याचे कारण ठरतात. २०२० च्या काँग्रेसने संमत केलेल्या व जानेवारी २०२१ मध्ये स्वाक्षरी झालेल्या एका कायद्याने असा शेरा असलेल्यांनाही ही निवासयोजना खुली झाली.

दुसरा उंबरठा ‘उत्पन्न’ या शब्दाचा होता. नव्या इमारतींपैकी अनेकींचा निधी अत्यल्प उत्पन्न गटासाठी राखलेला असतो. सेवेत झालेल्या अपंगत्वाबद्दल सैनिकाला जी भरपाई मिळते, तीही उत्पन्नात धरली जाई. परिणामी अपंगत्व जितके तीव्र तितकी भरपाई अधिक, आणि भरपाई जितकी अधिक तितका माणूस घरासाठी अपात्र, अशी विपरीत स्थिती ओढवली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये गृहनिर्माण खात्याने पात्रता ठरवताना ही भरपाई वगळण्याचे धोरण जाहीर केले. एकही वीट न रचता, केवळ एका शब्दाची व्याख्या बदलल्याने अनेकांसाठी दार उघडले.

६.९ मर्यादा आणि मतभेद

‘आधी घर’ या पद्धतीची मोठी चाचणी कॅनडात २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत झाली. मानसिक आजार असलेल्या दोन हजारांहून अधिक बेघर व्यक्ती तीत सहभागी होत्या आणि चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे यादृच्छिक रीतीने त्यांचे गट पाडले होते. अखेरच्या सहा महिन्यांत या पद्धतीचा लाभ मिळालेल्यांपैकी ६२ टक्के व्यक्ती पूर्ण काळ घरात होत्या. नेहमीच्या सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण ३१ टक्के होते. मात्र मानसिक लक्षणे आणि व्यसन यांबाबत दोन्ही गटांत साधारण सारखीच सुधारणा दिसली. म्हणजे घर दिल्याने घर टिकते, हे सिद्ध झाले. आजारही घरामुळेच बरा होतो, असे सिद्ध झाले नाही.

टीकाकारांचा आक्षेप नेमका येथे आहे. अट नसेल तर व्यसनी माणूस उपचारांकडे वळणार कसा, असे ते विचारतात. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी काढलेल्या आदेशात ‘आधी घर’ धोरणांचे पाठबळ थांबवण्याचे निर्देश आहेत. या वादात दोन प्रश्नांची गल्लत होताना दिसते. घर हे औषध आहे काय, हा एक प्रश्न. औषध घेण्यासाठी घर लागते काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर नकारार्थी आले म्हणून दुसऱ्याचेही तसेच येते असे नाही. विद्यार्थ्यांनी या वादाचा विचार करताना हा भेद जरूर ध्यानी ठेवावा.

६.१० भारतीय संदर्भ

शरीराने अपंग झालेल्या सैनिकांच्या पुनर्वसनाची परंपरा महाराष्ट्रात आहे. पुण्याजवळ खडकी येथील क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही १९१७ मध्ये स्थापन झालेली संस्था अपंग सैनिकांना व्यवसाय शिकवते. मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठीही खडकीत पुनर्वसन केंद्र आहे. दिसणाऱ्या जखमेला घर लवकर मिळते, न दिसणारीला उशिरा, हे येथेही खरे आहे.

तथापि, २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने एक महत्त्वाचे पाऊल टाकले. त्याच्या १८ व्या कलमात आधारयुक्त निवासासारख्या व्यवस्था शासनाने उपलब्ध करून देण्याच्या सेवांत गणल्या आहेत. १९ वे कलम सांगते, की केवळ कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा घर नाही, एवढ्या कारणावरून कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांच्या संदर्भात या वाक्याचे मोल सहज कळेल. हा हक्क केवळ माजी सैनिकांचा नाही, प्रत्येक नागरिकाचा आहे.

६.११ सारांश

आधारयुक्त निवास म्हणजे स्वतःच्या नावाचा करार, परवडणारे भाडे आणि सक्तीविना मिळणाऱ्या सेवा यांचा संयोग. अमेरिकेत या मार्गाने माजी सैनिकांचा बेघरपणा निम्म्याहून खाली आला. घर आजार बरा करत नाही, परंतु बरे होण्यासाठी जे जे करावे लागते त्याला जागा देते. ‘आजार’, ‘सन्मानपूर्वक’, ‘उत्पन्न’ यांसारख्या शब्दांच्या व्याख्या कोणाला आत घ्यायचे हे ठरवतात. म्हणून शासकीय मजकूर वाचताना त्यातील संज्ञा कोणाला वगळतात, हा प्रश्न भाषेच्या विद्यार्थ्याने नेहमी विचारावा.

६.१२ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१) १८७३   २) १९८०   ३) भाडेकरार

६.१३ स्वाध्याय

१) ‘आश्रय’ आणि ‘आधार’ या शब्दांतील अर्थभेद आधारयुक्त निवासाच्या संदर्भात स्पष्ट करा.
२) बेघर मनोरुग्णांसाठीच्या पायऱ्यांच्या पद्धतीतील दोष सांगून ‘आधी घर’ या पद्धतीचे यश व मर्यादा यांची चर्चा करा.
३) आपल्या परिचयाच्या कोणत्याही शासकीय योजनेचा अर्ज मिळवा. त्यातील पात्रतेच्या अटी वाचून, एखाद्या शब्दाच्या व्याख्येमुळे गरजू व्यक्ती वगळली जाते काय, याविषयी सुमारे २०० शब्दांत टिपण लिहा.